पहिले पुस्तक: वेब प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्या एका व्यक्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका प्रौढ शिकणाऱ्या व्यक्तीचे आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा उल्लेख येथे 'क्ष' असा केला आहे आणि संस्थेचे तपशील गाळले आहेत. पुस्तकांची नावेही मुद्दाम दिलेली नाहीत. वाचणाऱ्याच्या हातात वेगळी पुस्तके असतील, आणि येथे जे घडले ते त्यांच्या बाबतीतही घडू शकते.

क्ष एका कार्यालयात नोंदी ठेवण्याचे काम करतात. स्प्रेडशीटवर त्यांचा हात चांगला बसलेला होता. एका तक्त्यातील नोंद दुसऱ्यात शोधून आणणे, अटीनुसार बेरीज करणे, चुकीची तारीख आपोआप लाल दिसेल अशी सोय करणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. प्रोग्रॅमिंग मात्र त्यांनी कधी केले नव्हते. सुटीच्या दिवशी त्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका लहान वाचनालयाचे काम पाहत, आणि तेथील सुमारे ६०० पुस्तकांची देवघेव एका वहीत नोंदवली जाई. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, ते केव्हा परत यायचे आहे आणि त्याच्या किती प्रती शिल्लक आहेत, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे एक वेबपान आपण स्वतः तयार करावे, अशी त्यांची इच्छा होती.

मी वेब प्रोग्रॅमिंग शिकवतो, म्हणून त्यांनी मला विचारले की सुरुवातीला कोणते पुस्तक घ्यावे. मी ज्या पुस्तकावरून शिकलो त्याचेच नाव सांगितले आणि माझ्या कपाटातली प्रतही त्यांना दिली. सुमारे ८०० पानांत एचटीएमएल (पानाचा मजकूर व रचना), सीएसएस (पानाचे रंगरूप), जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा), पीएचपी (सर्व्हरवर, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकावर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (नोंदी साठवणारा डेटाबेस) या पाचही गोष्टी त्यात होत्या, भाषा सोपी होती, आणि त्या पुस्तकाविषयी मला मनापासून आदर होता व आजही आहे. प्रत २०११ सालच्या आवृत्तीची होती. त्या वर्षाकडे मी पाहिले नाही.

आठवड्याला त्यांच्याजवळ साधारण पाच तास होते: कामाच्या चार दिवशी रात्री पाऊण तास आणि सुटीच्या दिवशी सलग दोन तास. हेही मी सुरुवातीला विचारले नाही.

अडचण

पहिले दोन महिने बरे गेले. एचटीएमएलची पाने उघडत होती, सीएसएसने रंग आणि समास बदलत होते, पीएचपीमधून आजची तारीख छापून येत होती. नवव्या आठवड्यात क्ष डेटाबेसच्या प्रकरणापाशी पोहोचल्या. त्या प्रकरणातला पहिलाच कार्यक्रम आठ ओळींचा होता, तो त्यांनी अक्षरशः तसाच टंकला, आणि ब्राउझरमध्ये संदेश आला: 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट'. म्हणजे या नावाचे फंक्शनच (नावाने बोलावता येणारा आज्ञांचा संच) अस्तित्वात नाही.

त्या एक वही ठेवत असत. त्या तीन रात्रींची नोंद अशी आहे: 'कंस तपासले. अवतरणचिन्हे तपासली. पासवर्ड तपासला. सगळा कोड पुन्हा टंकला. तरी तेच.' त्यानंतरची सोळा पाने कोरी आहेत.

कारण अगदी साधे होते. पीएचपीमध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्यासाठी फंक्शनांचा जो मूळ संच होता, तो २०१३ साली आलेल्या ५.५ या आवृत्तीत कालबाह्य ठरवण्यात आला आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीतून काढूनच टाकण्यात आला. क्ष यांच्या संगणकावर ८ मालिकेतली पीएचपी होती. पुस्तक छापले गेले तेव्हा बरोबर होते, संगणक आता बरोबर होता, आणि मधल्या बदलाची खबर या दोघांपैकी कोणीही त्यांना देत नव्हते. संदेशात 'हे फंक्शन पूर्वी होते, आता काढले आहे' असे लिहिलेले नसते. चुकीच्या स्पेलिंगला जो संदेश येतो, नेमका तोच येथेही येतो. त्यामुळे स्पेलिंग पुन्हापुन्हा तपासण्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते.

दोन आठवड्यांनी त्या मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हे माझ्याच्याने व्हायचे नाही असे दिसते." त्यांनी चूक स्वतःची धरली होती. अनुभवी माणूस असा संदेश पाहताच आधी आवृत्ती तपासतो, कारण पुस्तके जुनी होतात हे त्याला ठाऊक असते. छापलेले ते बरोबर आणि चुकलो ते आपण, अशीच नवशिक्याची समजूत असते, आणि पहिले पुस्तक निवडून देणाऱ्यावर त्यामुळेच मोठी जबाबदारी येते. हातात पडलेल्या पुस्तकाचा दोष नवशिक्या स्वतःच्या बुद्धीवर घेतो. मी दिलेल्या पुस्तकाने एका हुशार व्यक्तीला असे वाटायला लावले, याची बोच मला या संपूर्ण प्रकरणात राहिली.

पुस्तक कोठे जुने झाले होते आणि कोठे नव्हते

पुढचा निर्णय घेण्याआधी आम्ही एक संपूर्ण सुटीचा दिवस त्या पुस्तकाची प्रकरणे चाळण्यात घालवला. हा दिवस फार उपयोगी ठरला, कारण 'पुस्तक जुने आहे' या एका वाक्यात अनेक वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्यांचे परिणाम अगदी निराळे असतात.

काही भाग मोडलेला होता, म्हणजे चालतच नव्हता. डेटाबेसशी जोडणी हा त्यातला सर्वांत मोठा भाग. त्याचा त्रास होतो, पण तो निदान लपून राहत नाही.

काही भाग चालत होता, पण तो शिकणे धोक्याचे होते, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटली. पुस्तकात वापरकर्त्याने फॉर्ममध्ये भरलेले नाव थेट एसक्यूएल या डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेतील वाक्याच्या मजकुरात जोडून ते वाक्य डेटाबेसकडे धाडले होते. एखाद्याने नावाच्या जागी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे स्वतःची आज्ञा लिहिली, तर डेटाबेस ती आज्ञा पाळतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. मूल्यांसाठी जागा राखून ठेवणारे तयार वाक्य आधी द्यायचे आणि मूल्ये वेगळी धाडायची, हा त्यावरचा उपाय पुस्तक छापले गेले तेव्हाही पीएचपीत उपलब्ध होता. तो पुस्तकात कोठेच नव्हता. तसेच पासवर्ड एमडी५ या पद्धतीने रूपांतरित करून साठवायला सांगितले होते. ही पद्धत अतिशय वेगवान आहे, आणि पासवर्डच्या बाबतीत वेग हाच दोष ठरतो, कारण चोराला दर सेकंदाला प्रचंड संख्येने अंदाज तपासून पाहता येतात. पीएचपीमध्ये २०१३ पासून यासाठी वेगळे फंक्शन आहे. क्ष यांना जर तो पहिला संदेश आला नसता, तर त्या पुढची दोन प्रकरणे विनातक्रार शिकल्या असत्या आणि वाचकांच्या नोंदी असलेले एक असुरक्षित पान त्यांनी मोठ्या समाधानाने चालू केले असते.

काही भाग चालत होता आणि निरुपद्रवीही होता, पण त्यात विनाकारण कष्ट होते. पानाचे दोन स्तंभ शेजारी शेजारी बसवण्यासाठी पुस्तकात फ्लोट ही सीएसएसची जुनी सोय वापरून पुढे तो 'साफ' करण्याच्या युक्त्या शिकवल्या होत्या, आणि त्यावर तब्बल तीस पाने खर्ची पडली होती. आज तेच काम सीएसएसमधील फ्लेक्सबॉक्स किंवा ग्रिड या मांडणीच्या पद्धतींनी काही ओळींत होते; ग्रिड तर मार्च २०१७ च्या सुमारास बहुतेक मुख्य ब्राउझरांत एकापाठोपाठ आली. तारीख बरोबर भरली आहे का हे तपासायला पुस्तकात अर्ध्या पानाचे जावास्क्रिप्ट होते. एचटीएमएल५ मध्ये इनपुटचा प्रकार 'डेट' एवढे लिहिले की ब्राउझर स्वतः दिनदर्शिका दाखवतो. (सर्व्हरवर ती तारीख पुन्हा तपासावी लागतेच, पण तो पुढचा विषय.)

आणि बराच भाग अजिबात जुना झालेला नव्हता. ब्राउझर मागणी धाडतो आणि सर्व्हर उत्तर देतो ही मूळ व्यवस्था टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात मांडली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे. गेट आणि पोस्ट या मागणी धाडण्याच्या दोन पद्धतींतला फरक, फॉर्ममधील नाव आणि मूल्य यांची जोडी, शीर्षक, परिच्छेद आणि दुवा यांचे टॅग, एसक्यूएलमधील सिलेक्ट (नोंदी निवडणे) आणि जॉइन (दोन तक्ते जोडून वाचणे), एकच माहिती दोन तक्त्यांत लिहू नये हे रचनेचे तत्त्व: हे सगळे त्या पुस्तकात नीट आणि समजेल असे सांगितले होते.

विचारात घेतलेले पर्याय

तेच पुस्तक पुढे चालवावे आणि जेथे अडेल तेथे मी दुरुस्ती सांगावी, हा पहिला पर्याय होता. तो क्ष यांनीच नाकारला. पुस्तकावरचा विश्वास एकदा उडाला की प्रत्येक ओळीला शंका येते, असे त्या म्हणाल्या, आणि ते मला पटले. याचाच एक उपप्रकार म्हणजे संगणकावर पीएचपीची जुनी आवृत्ती बसवणे. पण ५.६ या शेवटच्या जुन्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ च्या अखेरीस थांबल्या आहेत. पुस्तक चालावे म्हणून संगणकच मागे नेण्यात अर्थ नव्हता.

पुस्तक सोडून केवळ व्हिडिओ पाहावेत, असेही एकाने त्यांना सुचवले होते. क्ष यांनी पूर्वी दोन मालिका पाहिल्या होत्या आणि पाहताना सारे कळत होते. व्हिडिओ बंद करून रिकाम्या फाइलसमोर बसल्यावर मात्र पहिली ओळही सुचत नव्हती. हा दोष सर्वच व्हिडिओंचा आहे असे मी म्हणणार नाही, पण पानावर बोट ठेवून थांबता येणे, मागे जाता येणे आणि समासात लिहिता येणे या गोष्टींची त्यांना गरज होती. एमडीएन हा मोझिलाने सुरू केलेला वेब तंत्रांचा ऑनलाइन संदर्भसंग्रह आम्ही सोबतीला ठेवायचे ठरवले. तो अचूक आणि अद्ययावत असतो, पण शब्दकोश जवळ असणे वेगळे आणि भाषा शिकणे वेगळे.

रिअ‍ॅक्टसारख्या एखाद्या फ्रेमवर्कचे (जावास्क्रिप्टवर उभारलेल्या तयार सांगाड्याचे) पुस्तक घ्यावे, कारण नोकरीच्या जाहिरातींत तीच नावे दिसतात, हा विचारही झाला. तो फार वेळ टिकला नाही. अशी पुस्तके बहुधा जावास्क्रिप्ट येते असे गृहीत धरतात आणि तसे प्रस्तावनेत सांगतातही, फक्त नवशिक्या प्रस्तावना वाचत नाही. शिवाय क्ष यांना नोकरी बदलायची नव्हती.

खरी तुलना शेवटी तीन पुस्तकांत झाली. एक होते आधीसारखेच पाच विषयांचे जाड पुस्तक, पण अलीकडच्या आवृत्तीचे. दुसरे पायथन या भाषेतून सर्व्हरची बाजू शिकवणारे, आटोपशीर. तिसरे सुमारे ४०० पानांचे, फक्त ब्राउझरच्या बाजूचे: एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. माझा कल दुसऱ्याकडे होता, कारण पायथनची मांडणी स्वच्छ आहे आणि वाचनालयाच्या नोंदी शेवटी सर्व्हरवरच ठेवाव्या लागणार होत्या. पण एकदा माझा कल चालवून झाला होता, आणि त्याचे फळ आम्ही दोघांनी पाहिले होते.

संध्याकाळची चाचणी

म्हणून आम्ही ठरवले की तिन्ही पुस्तके वाचनालयातून आणायची, प्रत्येकातले मधले एक प्रकरण घ्यायचे आणि एका संध्याकाळी पाऊण तास त्यावर काम करायचे. क्ष यांची रोजची बैठक पाऊण तासाचीच होती. पहिले प्रकरण मुद्दाम टाळले, कारण पहिले प्रकरण प्रत्येक पुस्तकात सोपे आणि उत्साहाचे असते. तीन पुस्तकांत फॉर्म हाच विषय निवडला, म्हणजे तुलना सारखी होईल. मी शेजारच्या खोलीत थांबलो आणि मदत केली नाही.

पहिल्या पुस्तकात नमनालाच घडाभर तेल गेले. फॉर्मचा इतिहास, प्रत्येक घटकाचे सर्व गुणधर्म, त्यांचे दोन पानी तक्ते. पडद्यावर काही दिसायला बावीस पाने लागली आणि पाऊण तास तोवर संपला होता. माहिती सगळी खरी होती. पूर्णवेळ शिकणाऱ्याला ते पुस्तक कदाचित उत्तम ठरेल.

दुसऱ्यात चौथ्या पानावर फॉर्म दिसला, पण पुढे आज्ञा होती, 'आता सर्व्हर चालू करून पान उघडा.' सर्व्हर कसा चालू करायचा हे तीन प्रकरणे आधी सांगितले होते आणि मागे बघा असा उल्लेखही नव्हता. क्ष यांनी फाइलवर दोनदा टिचकी मारली, ब्राउझरने फॉर्म दाखवला, बटण दाबल्यावर काहीच झाले नाही. हा दोष आमच्या चाचणीच्या पद्धतीचाही होता, हे मान्य केले पाहिजे. मधूनच उघडलेल्या पुस्तकावर थोडा अन्याय होतोच.

तिसऱ्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर एक खाना आणि एक बटण असलेला फॉर्म चालू झाला. त्या प्रकरणाच्या मध्यावर एक चौकट होती, जी पाहून माझे मत बदलले. लेखकाने लिहिले होते की जावास्क्रिप्टची फाइल मॉड्यूल (स्वतंत्र भाग) म्हणून जोडली आणि पान थेट फाइलवर टिचकी मारून उघडले, तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने ती फाइल घेणार नाही, पान दिसेल पण बटण मेल्यासारखे वाटेल, आणि यात तुमची चूक नाही. मग संगणकावरच लहानसा सर्व्हर चालू करण्याचे तीन टप्पे दिले होते. हे लिहिणाऱ्याने नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांना अडकताना पाहिले असणार. मला जे पुस्तक हवे होते त्याचे लक्षण मला त्या चौकटीत सापडले: वाचक कोठे अडेल हे त्याला आधीच माहीत होते, आणि तो अडल्यावर दोष कोणाचा हे ते स्पष्ट सांगत होते.

वर्षही या वेळी पाहिले. पुस्तकात चलांसाठी, म्हणजे मूल्ये ठेवायच्या नावांसाठी, लेट आणि कॉन्स्ट हे शब्द वापरले होते, म्हणजे जावास्क्रिप्टच्या २०१५ सालच्या प्रमाणानंतरची मांडणी होती. त्याच कामाचा जुना शब्द व्हार कधी दिसेल आणि का, यावर अर्धे पान होते. व्हार आजही चालते, त्यामुळे ते वापरणारे पुस्तक मोडलेले ठरत नाही, पण लेखकाने शेवटचा हात केव्हा फिरवला याची ती चांगली खूण आहे.

निर्णय

क्ष यांनी तिसरे पुस्तक निवडले. मी एकच हरकत घेतली: त्यात सर्व्हर नाही, डेटाबेस नाही, म्हणजे वाचनालयाचे काम त्यातून पूर्ण होणार नाही. त्यांचे उत्तर असे होते की पूर्ण काम न होणारे पुस्तक पूर्ण वाचून होणे त्यांना अधिक हवे आहे. आठवड्याला पाच तासांत ४०० पाने हा चार-पाच महिन्यांचा हिशेब होता, आणि ८०० पानांचा हिशेब आठ-दहा महिन्यांवर जात होता. नोंदी ठेवणाऱ्या व्यक्तीने मांडलेला तो हिशेब होता आणि त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

एक नियमही त्यांनीच घातला. प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटायचे, रिकामी फाइल उघडायची आणि त्या प्रकरणातला मुख्य कार्यक्रम न पाहता लिहायचा. जमला तरच पुढे जायचे.

प्रत्यक्ष काम

पुस्तकातल्या उदाहरणांऐवजी क्ष पहिल्यापासून वाचनालयाचीच उदाहरणे घेत गेल्या. सहाव्या आठवड्यात त्यांच्या पानावर पुस्तकाचे नाव, प्रतींचा खाना आणि 'दिले', 'परत आले' अशी दोन बटणे होती. त्यांतून घडलेली एक गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. एका पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. 'दिले' दाबले, खान्यात २ आले. 'परत आले' दाबले, आणि खान्यात २१ आले.

फॉर्मच्या खान्यातून मिळणारे मूल्य जावास्क्रिप्टसाठी मजकूर असते, संख्या नसते. वजाबाकी करताना भाषा त्या मजकुराची संख्या करून घेते, म्हणून देताना हिशेब बरोबर आला. अधिकचे चिन्ह मात्र मजकूर जोडण्यासाठीही वापरले जाते, म्हणून २ आणि १ शेजारी चिकटले. स्प्रेडशीटमध्ये आयुष्य गेलेल्या व्यक्तीला हे अनपेक्षित होते. हा मुद्दा पुस्तकात त्याच्या तीनच पाने आधी सांगितलेला होता, आणि क्ष यांनी त्याखाली रेघही ओढली होती. रेघ ओढून तो समजला नव्हता. २१ प्रती पाहिल्यावर समजला. त्या वेळी त्यांनी मला फोन केला नाही. पुस्तकात परत जाऊन ती तीन पाने पुन्हा वाचली आणि मूल्याचे संख्येत रूपांतर करणारी ओळ घातली.

तशीच दुसरी अडचण बटणाची. टिचकी मारल्यावर चालवायचे फंक्शन देताना त्यांनी नावापुढे कंस लिहिले, त्यामुळे पान उघडताच नोंद होऊ लागली आणि बटण दाबल्यावर काहीच होईना. कंस लिहिणे म्हणजे आत्ता चालव, न लिहिणे म्हणजे हे जवळ ठेव आणि वेळ आली की चालव. या फरकासाठी त्यांना दोन रात्री लागल्या. पण डेटाबेसच्या त्या तीन रात्रींहून या दोन रात्री वेगळ्या होत्या, कारण येथे चूक खरोखर त्यांची होती, पुस्तकात तिचे उत्तर होते, आणि ते शोधणे त्यांच्या आवाक्यात होते.

दहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्व्हरकडे उडी मारण्याचा मोह झाला. नोंदी पान बंद केल्यावर नाहीशा होत होत्या आणि दुसरे पुस्तक आताच आणावे असे क्ष यांना वाटू लागले. येथे मी लोकलस्टोरेज ही ब्राउझरमध्येच माहिती साठवण्याची सोय सुचवली. त्यात फक्त मजकूर साठवता येतो, म्हणून नोंदींची यादी जेसन या मजकुराच्या ठरावीक मांडणीत बदलून ठेवावी लागते, आणि ती त्या एका संगणकावरच्या त्या एका ब्राउझरपुरतीच राहते. तात्पुरत्या कामाला ते पुरेसे होते. मोठा फायदा वेगळाच झाला: दुसऱ्या स्वयंसेवकाने स्वतःच्या संगणकावर तेच पान उघडले आणि त्याला रिकामी यादी दिसली. सर्व्हर कशासाठी लागतो हे त्यानंतर क्ष यांना समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

निष्पत्ती

पुस्तक साडेपाच महिन्यांत संपले. शेवटचे अ‍ॅनिमेशनचे प्रकरण त्यांनी वगळले. वाचनालयातील एका संगणकावर ते पान रोज वापरले जाऊ लागले आणि वही बंद झाली नाही, ती सोबत चालू ठेवली गेली, जे माझ्या मते शहाणपणाचे होते. सर्व ६०० पुस्तके त्यात आली नाहीत. जी जास्त फिरतात अशी सुमारे १५० भरली गेली.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, पुस्तक सुचवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला हवे होते: काय बनवायचे आहे आणि आठवड्याला किती वेळ आहे. ते न विचारता दिलेले नाव म्हणजे माझ्याच शिकण्याची आठवण होती.

छपाईचे वर्ष पाहणे हे त्यानंतरचे. पण नुसते वर्ष पाहूनही पुरत नाही, असे आता मला वाटते. नव्या वर्षाच्या पुस्तकातही जुना कोड तसाच राहिलेला असू शकतो, म्हणून सुचवणाऱ्याने डेटाबेसचे किंवा जे सर्वांत लवकर बदलते ते प्रकरण स्वतः आजच्या संगणकावर टंकून पाहावे. मला याला एक तास लागला असता. क्ष यांचे जवळजवळ पाच आठवडे वाचले असते.

चाचणीही अधिक चांगली करता आली असती. दुसऱ्या पुस्तकाला आम्ही सर्व्हरची मांडणी आधी करून दिली असती तर निकाल कदाचित बदलला असता, आणि पायथनचा मार्ग क्ष यांच्यासाठी चुकीचा होता असे या प्रकरणावरून म्हणता येणार नाही.

आणि एक गोष्ट मी आता प्रत्येक नव्या शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो, जी त्यांना सांगायला हवी होती: पुस्तकातला कोड तंतोतंत टंकूनही दुसऱ्यांदा चालला नाही, तर तिसऱ्यांदा टंकू नका, मला विचारा.

दुसरे पुस्तक

सर्व्हरच्या बाजूसाठी पुस्तक निवडताना क्ष यांनी मला विचारले नाही. निवडून झाल्यावर दाखवले. चार पुस्तके त्यांनी एका बैठकीत तपासली होती आणि चारही मधूनच, डेटाबेसच्या प्रकरणापाशी उघडली होती. दोहोंत फॉर्ममधले मूल्य थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवलेले दिसले, ती मिटली. एकात कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे हे कोठेच सांगितले नव्हते. चौथ्यात मूल्यांसाठी राखीव जागा होत्या, त्या का ठेवायच्या यावर अर्धे पान होते, आणि प्रस्तावनेत आवृत्तीचा क्रमांक होता. ते पीएचपीचेच निघाले. त्यातला जोडणीचा कार्यक्रम त्यांनी त्याच रात्री टंकला आणि तो चालला.

माझे जुने जाड पुस्तक त्यांनी परत केलेले नाही. तक्त्यांची रचना आणि जॉइन शिकवणारी त्यातली दोन प्रकरणे त्या अजून वापरतात. मधल्या, डेटाबेस-जोडणीच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर समासात त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: 'डिसेंबर २०१५ पासून हे चालत नाही. टंकू नये.'